वेल्डिंग मशीन घ्यायला मी उलट्या टोकाने सुरुवात केली

गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, गंजाचा फुगवटा दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं आणि टोक आरपार जमिनीकडे गेलं. त्याच आठवड्यात गेटची बिजागरी तुटली. म्हटलं, आता एकदाचं मशीन घेऊन टाकू, दोन्ही कामं घरीच करू.

घेण्याआधी हात बसावा म्हणून मित्राचं जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन आणलं. उचलायला दोघे लागलो. बिजागरीवर ते झकास चाललं. 2.5 मिमीचा 6013 रॉड (साध्या लोखंडासाठीची नेहमीची वेल्डिंगची कांडी) लावला, 80 अँपिअरच्या आसपास ठेवलं, आणि ओबडधोबड का होईना, सांधा पक्का बसला. त्या भरात गाडीकडे वळलो. फ्लोअरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो, त्यातून निम्मा गंजाने खाल्लेला. रॉड टेकवला की भोक. करंट कमी केला तर रॉड चिकटून बसायचा, वाढवला तर पत्रा लोण्यासारखा वितळायचा. हरभऱ्याएवढं भोक बुजवायला गेलो होतो, थांबलो तेव्हा लिंबू आरपार जाईल एवढं झालं होतं.

तरीही धडा चुकीचाच घेतला. मला वाटलं, मशीन जुनं आहे, मोठं आणि नवीन हवं. म्हणून खोक्यावरचा अँपिअरचा आकडा बघत सुटलो. 200 ठीक, 250 असेल तर उत्तम! मित्रानेच अडवलं. "अरे, तुझा सर्वात पातळ पत्रा किती आणि घरातला सॉकेट किती अँपिअरचा, एवढं सांग. बाकीचं मशीन आपोआप ठरतं."

सॉकेट 16 अँपिअरचा. 230 व्होल्टला त्यातून जेमतेम 3.7 किलोवॅट मिळतात. रॉडने 200 अँपिअरवर काम करताना आर्कवर, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीवर, साधारण 28 व्होल्ट असतात, म्हणजे मशीनमधून बाहेर पडणारेच 5.6 किलोवॅट झाले. मशीन आत खातं ते वेगळं. थोडक्यात, ज्या आकड्यावर मी भाळलो होतो तिथे पोचायच्या आधीच एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडला असता. माझ्या कामाची मजल शंभरच्या आसपासच संपणार होती. त्यात सॉकेटपासून लांब एक्स्टेन्शन वायर ओढली तर आणखी घट, शिवाय तिचं बंडल न उलगडता वापरलं तर ते तापतं ते निराळंच.

मग मी खोक्याचा दर्शनी भाग सोडून मशीनच्या मागची पट्टी वाचायला लागलो. खरी माहिती तिथेच असते. ड्युटी सायकल म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन सलग चालेल, तेही कोणत्या अँपिअरला. एका पट्टीवर 200 ला 30 टक्के आणि 110 ला 100 टक्के होतं. 200 वर तीन मिनिटं काम, सात मिनिटं थंड होत बसायचं. पण मला लागणाऱ्या 80-100 वर ते दिवसभर चाललं असतं. दुसरी गोष्ट कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही, ती म्हणजे करंट खाली किती उतरतो. पातळ पत्र्याला चाळीसच्या आसपास स्थिर आर्क हवा. माझ्यासाठी हा आकडा 200 पेक्षा मोलाचा ठरला.

टिग (एका हाताने आर्क धरून दुसऱ्या हाताने भरायची तार देत करायचं वेल्डिंग) सुंदर, पण दोन्ही हात आणि एक पाय कामाला लावतं, शिवाय पत्रा लखलखीत स्वच्छ मागतं. गाडीखाली आडवं पडून? सोडून दिलं. अॅल्युमिनियम जोडायचं असतं तर एसी टिगचा विचार करावा लागला असता, पण तसं काम माझ्याकडे नव्हतं. शेवटी इन्व्हर्टर मिग घेतलं, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक्सवालं हलकं मशीन, ज्यात रॉडऐवजी रोलवरची वायर आपोआप पुढे सरकत वितळते. त्यावर रॉडचा होल्डरही लागतो, म्हणजे गेट-स्टँडची कामं रॉडने, गाडीची वायरने.

मिगच्या साध्या वायरला वेल्ड हवेपासून वाचवायला गॅस लागतो. त्या सिलिंडरचा खर्च टाळायला आधी गॅसविना चालणारी फ्लक्सवाली (पोटात तेच काम करणारी पूड असलेली) वायर लावली. पहिल्या दिवशी फक्त शिंतोडे! आर्क तडतडत होता, वेल्ड पत्र्यावर गोळ्यांसारखं बसत होतं, छिन्नी लावली की टपकन सुटायचं. अर्धा रोल वाया घालवल्यावर झाकण उघडलं. आत दोन बोल्टवर पट्टी होती, कारखान्यातून गॅसच्या साध्या वायरसाठी लावलेली, म्हणजे टॉर्च (वायर जिथून बाहेर येते तो हातातला दांडा) पॉझिटिव्ह. या वायरला टॉर्च निगेटिव्ह लागतो. पट्टी फिरवली आणि तेच मशीन दुसरंच वाटायला लागलं. ही अदलाबदल करायची सोय नसलेलं मशीन घेऊ नका.

वाऱ्यात उघड्यावर काम असेल तर ही वायर बरी, कारण गॅस वाऱ्याने उडून जातो. फ्लोअरसाठी मात्र शेवटी आर्गन-सीओटू मिश्रणाचा सिलिंडर आणि 0.6 मिमीची वायर आणलीच. गंजका भाग चकाकता पत्रा लागेपर्यंत कापला, तुकडा बसवला, बॅटरी काढली, अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ धरला. मागे तांब्याची पट्टी दाबली. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वेल्ड त्याला चिकटत नाही. मग एक ठिपका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा भलतीकडे. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो. आणि ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग नको. क्लोरीनवाला असेल तर आर्कखाली फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. चॅसी (गाडीचा मुख्य सांगाडा), सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, याला मी हात लावलेला नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम.

वरून ग्राइंडर, प्राइमर, खालून अंडरकोट. मॅट परत टाकली. शेजारच्या सीटखालची मॅट अजून उचलून पाहिलेली नाही.