दर फेब्रुवारीत उलगडणारा कागद

२७ फेब्रुवारीच्या जवळचा रविवार आमच्या घरात माझ्याकडे कुणी मागत नाही. लग्न असो, बारसं असो, सगळ्यांना ठाऊक आहे की त्या दिवशी सकाळी सातला मी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या तळमजल्यावर चटया झटकत असणार. आमच्या सुलेखन मंडळाचं वार्षिक संमेलन असतं. पहिलं झालं २००८ साली, र. कृ. जोशी गेले त्या वर्षी. आम्ही नऊ जण होतो, पाडव्याच्या शोभायात्रेचे फलक लिहिताना ओळखी झालेले. डोंबिवलीत ही शोभायात्रा १९९९ पासून निघते आणि फलक लिहायला दर वर्षी माणसं कमीच पडतात. जोशीसर गेल्याचं वाचून आमच्यातल्या एकाने फोन केला, "बसू या का एकदा?" बसलो. संगणकावर तेव्हा आपण ज्या मंगल फॉन्टात मराठी वाचायचो तो ज्यांनी घडवला, त्यांच्यासाठी प्रत्येकाने एकेक ओळ हाताने लिहिली आणि चहा पिऊन उठलो. भाषण कुणी केलं नाही.

आता भाषणं होतात. दीपप्रज्वलन, शारदास्तवन, अहवाल, जमाखर्च सगळं रीतसर होतं आणि तासाभरात आटपतं. त्यातलं सांगण्यासारखं एवढंच की कार्यक्रमपत्रिका आम्ही आजवर छापलेली नाही. जितक्या प्रती लागतील तितक्या हाताने लिहायच्या.

माझं लक्ष असतं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे. आम्ही त्याला 'पहिलं अक्षर' म्हणतो. वर्षभरात जे नवे आले त्यांतल्या एकाने सगळ्यांसमोर बसायचं, बोरूने एकच अक्षर काढायचं आणि तेच का काढलं ते सांगायचं. कागद पहिल्या वर्षापासून एकच आहे, वह्यांना कव्हर घालतो तसल्या खाकी कागदाची मोठी गुंडाळी. दर वर्षी ती उलगडते, नवं अक्षर बसतं, पुन्हा गुंडाळली जाते. कागद फडफडू नये म्हणून पंखे बंद होतात. फेब्रुवारीअखेरचा उकाडा, खोलीत पन्नास-साठ माणसं, तरी कुणी कुरकुरत नाही. मग बोरूची करकर ऐकू येते. दंड ओढताना ती लांब येते, गाठीपाशी जराशी थांबते आणि शिरोरेषेला एकदम मोकळी होते. डोळे मिटून ऐकलं तरी अक्षर कुठवर आलंय ते मला कळतं.

बहुतेक जण 'श्री' काढतात, नाहीतर 'अ'. २०१७ साली बाई पुढे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी 'ळ' काढणार."

बाई बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. प्रत्येक शाळेत एक शिक्षिका असतेच, जिचं अक्षर चांगलं म्हणून गॅदरिंग जवळ आलं की प्रमाणपत्रांचा गठ्ठा तिच्या टेबलावर येतो. या त्या बाई. बोरू मात्र त्यांनी साठीनंतर आमच्याकडे हातात धरला. त्या दिवशी त्यांनी 'ळ' काढला, दोन्ही फुगे अगदी सारखे, आणि मग बोरू खाली न ठेवताच बोलायला लागल्या.

"तक्त्यात प्रत्येक अक्षराला आपलं चित्र असतं. अननसाचा अ, कमळाचा क. ळला मात्र स्वतःचा शब्द नाही. बाळातला ळ म्हणून शिकवायचं. कुठल्या शब्दाच्या सुरुवातीला त्याला कधी जागा मिळाली नाही. पण तो काढून घ्या, मग शाळा नाही आणि फळाही नाही." इथे लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "मी निवृत्त झाले तेव्हा मला मानपत्र द्यायचं ठरलं. मजकूर माझ्याकडेच आला. तुमच्याशिवाय लिहिणार कोण, म्हणाले. मीही बसले लिहायला. रात्री नावाच्या ओळीशी आले आणि हात थांबला. इतक्या वर्षांत इतक्या मुलांची नावं लिहिली, आपलं लिहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. कोणत्या टाकाने लिहावं तेच सुचेना. शेवटी सगळ्यात बारीक टाकाने लिहिलं."

टाळ्या वाजल्या नाहीत. पंखे लावायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी गेली अठरा वर्षं दर संमेलनाला आहे, पुष्कळ मोठी माणसं तिथे बोललेली ऐकली आहेत, पण त्या बारीक टाकाइतकं माझ्या मनात काही रुतलेलं नाही.

भावनेच्या भरात त्याच दुपारी आम्ही ठराव केला की मंडळाची प्रमाणपत्रं बाईंनी लिहायची नाहीत. बाईंना ते मुळीच आवडलं नाही. "माझं अक्षर नको झालं का तुम्हाला?" पुढच्या वर्षी ठराव मागे घेतला. आता सगळ्यांची प्रमाणपत्रं बाई लिहितात आणि बाईंचं आम्ही आळीपाळीने लिहितो.

दुपारचं सत्र शिकण्याचं. बोरू छाटायला मी याच सत्रात शिकले. आधी टोक लांब तिरकं तासायचं, आतला गर खरवडून काढायचा, मधोमध बारीकशी चीर द्यायची आणि मग कठीण पाटावर टेकवून एकाच दाबात टोक छाटायचं. दुसऱ्यांदा दाब दिला की कड फाटते. देवनागरीसाठी हा छाट रोमनच्या उलट बाजूला कलतो. दुकानातला इंग्रजी कॅलिग्राफीचा पेन आणून पहिल्यांदा मराठी लिहायला बसणाऱ्याचं अक्षर रुसतं ते यामुळेच. जिथे भरायला हवं तिथे बारीक पडतं आणि जिथे निमुळतं व्हायला हवं तिथे फुगतं. मीही चार महिने आपल्या हातालाच दोष देत होते. एका संमेलनात शेजारी बसलेल्या काकांनी माझा पेन काढून घेतला, स्वतःचा छाटलेला बोरू हातात दिला आणि म्हणाले, "आता 'ग' काढ." काढला. त्या 'ग'ची गाठ कशी गोल बसली होती ते आजही डोळ्यांपुढे आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे.

हेच काका, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, दर वर्षी दासबोधातला लेखनक्रियेचा समास म्हणायचे. एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. चांगल्या अक्षरासाठी समर्थांनी अख्खा समास खर्च केला, आणि तोही नुसता उपदेशाचा नाही. बोरू कसे निवडावेत, शाई कशी असावी, ओळी कशा चालाव्यात, सगळं त्यात येतं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, या अर्थाच्या ओवीशी आले की काका थांबून सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायचे. आम्हा प्रत्येकाला वाटायचं, माझ्याकडेच बघतायत. तीन वर्षांपूर्वी त्यांना दिसेनासं झालं. आता नात म्हणते. तीही बरोबर तिथेच थांबते.

वादही होतात आणि झालेच पाहिजेत. मोबाइलवर शिकलेली मुलं हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' काढतात, तेव्हा आमच्यातले काही जण कळवळून उठतात. राज्य सरकारने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' पक्का केला, हे त्यांना तोंडपाठ आहे. मला स्वतःला पाकळीचाच 'ल' आवडतो आणि तो टिकावा म्हणून मी भांडते. पण एकदा एका नववीतल्या मुलाने विचारलं, "पण मावशी, माझ्या पुस्तकात दिसला तसाच मी काढला, त्यात माझं काय चुकलं?" त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी त्याच्या शेजारी बसून पाकळीचा 'ल' वीस वेळा काढून दाखवला. यंदा त्याने लिहिलेल्या फलकावर सगळे 'ल' पाकळीचे होते.

मोडीचा वर्ग पुण्याहून येणाऱ्या एक ताई घेतात. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायच्या, मग त्यांच्याखाली अक्षरं ओवत जायची, हात शक्य तो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी तमा नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरी, घोटणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सुरुवातीला बेशिस्त वाटतं. मग ताई पेशवे दफ्तरातल्या एखाद्या पत्राची प्रत पुढे ठेवतात आणि सांगतात, "हा कारकून घाईत होता, बघा." ओळ उजवीकडे वर वर चढत गेलेली असते. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाची घाई कागदावर दिसते तेव्हा खोलीत पुन्हा तीच शांतता पसरते.

२०२१ चं संमेलन मोबाइलवर झालं. त्याआधीच्या जुलैमध्ये कमल शेडगे गेले होते. मराठी नाटकांच्या जाहिराती पेपरात बघत वाढलेल्या आमच्या पिढीला अक्षराला चेहरा असतो हे त्यांच्याकडूनच कळलं. नाव वाचायच्या आधी नाटक गंभीर की हसवणारं ते समजायचं. त्या दिवशी सगळ्यांनी आपापला आवाज बंद केला आणि एकाच घरातल्या बोरूची करकर तीस-पस्तीस घरांत ऐकली. गुंडाळी माझ्याकडे होती म्हणून मीच 'क' काढला. माझ्यासमोर कुणी बसलेलं नव्हतं आणि हात जड झाला होता.

२०२५ चं संमेलन फार आनंदाचं झालं. जानेवारीत सुलेखनकार अच्युत पालवांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांच्या कार्यशाळेत कधी ना कधी बसलेले आमच्यात बरेच आहेत, त्यामुळे दारातच पेढे होते. सुलेखन हे 'चांगलं अक्षर आहे हो' याच्या पुढचं काही आहे, हे ज्यांना घरी समजावून सांगावं लागतं, त्या सगळ्यांना त्या दिवशी बळ आलं.

आता मनातलं एक बोलते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोनशेच्या वर माणसं आहेत. संमेलनाला साठ आली की आम्ही भरून पावतो. लांब राहणारे, आजारी, घरी लहान मूल असलेले यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण याच चटईवर बोरू धरायला शिकून आता स्वतःच्या शिकवण्या घेणारे काही जण त्याच रविवारी आपला वर्ग लावतात, याचं मला वाईट वाटतं. शिकवा, पैसे घ्या, त्यात गैर काहीच नाही. वर्षातला हा एक रविवार तेवढा सोडा. तुमचंही पहिलं अक्षर त्या खाकी कागदावर आहे. आम्ही दर वर्षी तो उलगडतो तेव्हा ते दिसतं आणि अक्षर कुणाचं ते नव्यांना आम्ही कौतुकाने सांगतो.

आणि ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. साडेसहाला शाळा उघडून देणारे शिपाईमामा, सुट्टीच्या दिवशी, अठरा वर्षांत एकदाही चावी विसरलेले नाहीत. माइक आणि स्पीकर शेजारच्या गणेशोत्सव मंडळाचे, भाडं घेत नाहीत. उतरती डेस्कं करून देणारे सुतारदादा, ते स्वतः लिहीत नाहीत पण 'पहिलं अक्षर' चुकवत नाहीत. काजळी धरून, डिंक घालून शाई घोटणाऱ्या दोघी जावा. दर जानेवारीत कोकणातून बोरूंची मोळी एसटीने पाठवणारे आजोबा, त्यांना आम्ही अजून कुणी पाहिलेलं नाही. खाकी गुंडाळी दिली ते झेरॉक्सवाले. उपमा आणि चहा करणाऱ्या तळमजल्यावरच्या वहिनी, आणि मागाहून सगळ्या दौती घासून ठेवणाऱ्या त्यांच्या दोन मुली. स्टेशनच्या पुलाखाली फलक धरून उभी राहणारी मुलं. फोटो काढणारा भाचा, तो स्वतः एकाही फोटोत नाही. आणि माझ्या सासूबाई, त्या दिवशी आमच्या घरचं सगळं बघणाऱ्या. हो, ब्लॉटिंग पेपरवाले राहिलेच! आता तो सहज मिळत नाही, ते त्यांच्या जुन्या साठ्यातले दहा तुकडे दर वर्षी कापून आणतात. तरीही कुणी सुटलं असेल तर मला फोन करून सांगा, पुढच्या अहवालात पहिलं नाव त्यांचं असेल.

यंदा बाईंचं प्रमाणपत्र लिहायची पाळी माझी होती. आठवडाभर रोज रात्री त्यांचं नाव घोटत होते. त्यांच्या आडनावात 'ळ' आहे. पाच कागद वाया गेले, सहावा बरा वाटला. सगळ्यात रुंद बोरूने लिहिलं आणि त्यांच्यासमोरच लिहायचं म्हणून शेवटची ओळ समारंभात पुरी केली. बाईंनी चष्मा वर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "'ळ'चा दुसरा फुगा जरा मोठा झालाय." मी म्हटलं, बाई, दुसरा कागद घेते. "नको," म्हणाल्या, "हाच हवा मला."

मी प्रमाणपत्र गुंडाळून द्यायला लागले तर त्यांनी हात धरला. शाई अजून ओली आहे, म्हणाल्या. दोन्ही हातांनी ते आडवं धरून रिक्षात बसल्या, आणि पर्स त्यांच्या मागोमाग मला आत द्यावी लागली.