झेंडा खाली ठेवण्याचं काम

सुट्टीच्या दिवशी मी इकडच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये असिस्टंट रेफरी म्हणून टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, धावते, हे घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे चेंडू बाहेर गेला की झेंडा दाखवायचा, एवढंच ना?" तेही करायचं असतंच, पण तो सगळ्यात सोपा भाग. खरी कसोटी उलटीच असते. समोर ऑफसाइड (हल्ला करणारा खेळाडू नियमापेक्षा पुढे) दिसतोय, फाउल झालेला दिसतोय, आणि तरी हात खालीच ठेवायचा. टीव्हीवर बघताना तुम्ही ज्याला "अरे आंधळा आहे का हा!" म्हणता, तो बहुतेक वेळा सगळं बघून थांबलेला असतो.

फाउलपासून सुरू करते, कारण त्याबद्दलच गैरसमज जास्त आहेत. मैदानावर निर्णय एकाचाच, रेफरीचा. आम्ही दोघे फक्त मदतनीस. फाउलसाठी झेंडा वर करण्याआधी असिस्टंटने मनाशी दोन गोष्टींची खात्री करायची, असं नियमांच्या पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे. एक, हा प्रकार रेफरीच्या नजरेआड झाला का? दोन, रेफरीला दिसला असता तर त्याने ॲडव्हान्टेज देऊन, म्हणजे ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच संघाचा फायदा बघून, खेळ चालू ठेवला नसता ना? दोन्हींची उत्तरं "हो" अशी मिळाली तरच झेंडा. "फाउल होता का?" हा प्रश्न त्याच्याही आधीचा, आणि नुसत्या त्याच्या उत्तरावर काही ठरत नाही.

रेफरी मैदानात साधारण तिरका धावतो, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे. उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या बाजूला आम्ही दोघे, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. त्यामुळे खेळ बहुतेक वेळ रेफरी आणि एका असिस्टंटच्या मध्ये राहतो आणि त्याच्याकडे दोन बाजूंनी लक्ष असतं. ही पद्धत रुजवली इंग्लिश रेफरी स्टॅनली राउस यांनी, जे पुढे फिफाचे अध्यक्ष झाले.

समजा, विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, माझ्या लाइनला लागून चेंडू घेऊन सुटलाय आणि डिफेंडर त्याच्या खांद्याला खांदा लावून पळतोय. रेफरी पंचवीसेक मीटर मागे आहे, त्याला दिसतात दोन पाठी. मला दिसते डिफेंडरची मूठ आणि त्या मुठीत गोळा झालेलं जर्सीचं कापड. उघड फाउल. पण विंगर अजून पडलेला नाही, पळतोय, आणि समोर मोकळी जागा आहे. इथे झेंडा वर गेला, तर शिट्टी वाजेल, खेळ थांबेल आणि ज्याने कापड ओढलं त्याच्याच संघाला परत येऊन भिंत उभी करायला वेळ मिळेल. म्हणून मी आधी रेफरीकडे बघते. त्याने दोन्ही हात पुढे केले असतील, तर त्याला कळलंय आणि त्याने ॲडव्हान्टेज दिलाय. माझा विषय संपला. विंगर कोलमडला आणि रेफरीची नजर "काय झालं?" असं विचारत माझ्याकडे आली, तर झेंडा वर, आणि थोडासाच हलवायचा. जोरजोरात फडकावणं हे आरडाओरडा करण्यासारखंच वाईट दिसतं. फ्री किक ज्या दिशेने जाणार त्या बाजूच्या हातात झेंडा आधीच घेतलेला असावा लागतो, म्हणजे रेफरीला एका दृष्टिक्षेपात फाउलही कळतो आणि दिशाही.

रेफरीच्या पाच पावलांवर काही घडलं असेल आणि त्याने खेळ चालू ठेवला असेल, तर माझं मत काहीही असो, झेंडा खाली. त्याने बघितलंय आणि ठरवलंय. त्यावर मी झेंडा वर केला तर मैदानात दोन रेफरी झाले, आणि पुढचा सगळा वेळ खेळाडू दोघांपैकी सोयीच्या माणसाकडे अपील करत राहतात. म्हणून सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये चांगला रेफरी हद्दी ठरवून देतो: तुझ्या जवळचं तू बघ, माझ्यासमोरचं माझ्यावर सोड, शंका आली तर नजर दे. अपवाद एकच. चेंडूपासून लांब कुणी कुणाला मारलं, तर वाट बघायची नाही. २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं, ते रेफरी एलिझोंडो यांनी पाहिलंच नव्हतं. लाल कार्ड निघालं ते मैदानाबाहेर असणाऱ्या चौथ्या अधिकाऱ्याने कानात सांगितल्यावर.

पेनल्टी एरियातला, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनातला फाउल म्हणजे सगळ्यात नाजूक जागा. तिथेही आधी नजरानजर. रेफरीने काहीच केलं नाही आणि त्याला दिसलं नसल्याची खात्री असेल, तर झेंडा वर करून कोपऱ्यातल्या निशाणाकडे सगळ्यांना दिसेल असं सरकायचं.

आता ऑफसाइड. इथे एकाच प्रसंगाचे दोन वेगळे निवाडे असतात, आणि लोकांची गल्लत इथेच होते. पहिला निवाडा जागेचा. साथीदाराने चेंडूला पाय लावला त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात असून त्याचं डोकं, धड किंवा पाय चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे होते का? हात मोजायचे नाहीत, गोलकीपरचेसुद्धा. १९२५ पर्यंत पुढे तीन प्रतिस्पर्धी असावे लागत, त्या वर्षी ते दोन झाले. बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नाही, हे आलं १९९० मध्ये.

पण ऑफसाइड जागेत उभं राहणं हा गुन्हाच नाही. दुसरा निवाडा सहभागाचा. तो चेंडू खेळला का, गोलकीपरच्या नजरेआड आला का, डिफेंडरला अडवलं का, किंवा गोलच्या खांबाला अथवा गोलकीपरला लागून परतलेल्या चेंडूचा फायदा घेतला का? हे कळायला एक-दोन सेकंद जाऊ द्यावे लागतात. पास निघाला तेव्हाचं चित्र डोक्यात गोठवून ठेवायचं आणि डोळ्यांनी पुढचा खेळ बघायचा. कदाचित मागून येणारा ऑनसाइड साथीदार चेंडू घेईल आणि पुढचा नुसता बाजूला होईल. मग झेंड्याचं काम नाही. त्या चेंडूपर्यंत दुसरा कुणी साथीदार पोचूच शकत नसेल, किंवा गोलकीपरशी टक्कर होईलसं दिसत असेल, तर मात्र स्पर्शाची वाट न बघता झेंडा वर.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२३ मधला मँचेस्टर युनायटेड आणि सिटी यांचा सामना. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइड जागेतून चेंडूच्या मागे पळाला, पायाशी असल्यासारखा घेऊन गेला, पण स्पर्श केला नाही. मागून त्याचा साथीदार ब्रुनो फर्नांडिसने येऊन गोल मारला. असिस्टंटचा झेंडा वर गेला होता. रेफरीने त्याच्याशी बोलून गोल दिला. नियमाच्या अक्षराला धरून तो बसवता येतो, पण मला विचाराल तर असिस्टंटचं बरोबर होतं. इतकी पावलं चेंडूला चिकटून धावणाऱ्याकडे डिफेंडरने दुर्लक्ष करायचं, ही अपेक्षाच विचित्र आहे.

डिफेंडरने चेंडू जाणूनबुजून खेळला, तर आधीचा ऑफसाइड पुसला जातो. नुसता लागून गेला किंवा गोल वाचवताना अडला, तर पुसला जात नाही. ऐकायला सोपं आहे. चेंडू लांबून येत होता का, डिफेंडरला शरीर सावरायला वेळ होता का, असं सगळं त्या अर्ध्या सेकंदात तोलायचं असतं.

मला मात्र सगळ्यात जास्त रस वाटतो तो पहिल्या निवाड्यातल्या डोळ्यांच्या कसरतीत. पास देणारा तीस-चाळीस मीटर आत, आणि ऑफसाइडची रेषा माझ्या नाकासमोर. दोन्हीकडे एकाच वेळी बघणं माणसाला जमत नाही. म्हणून आम्ही रेषेवर डोळे ठेवतो आणि लाथेचा आवाज ऐकतो. पण आवाजाला चौतीस मीटर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात काय होतं? स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला धावणारा खेळाडू, सेकंदाला आठ मीटरने आत धावतोय, डिफेंडर चार मीटरने बाहेर येतोय. दोघांमधलं अंतर त्या दहाव्या भागात सव्वा मीटरभर बदललं. भर म्हणून, वेगाने हलणारी वस्तू आपल्याला असते त्यापेक्षा किंचित पुढे दिसते, हा मेंदूचा स्वभाव. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, निष्पाप स्ट्रायकरला ऑफसाइड ठरवणाऱ्या. म्हणून खात्री असेल तरच झेंडा, हे प्रशिक्षणात पहिल्यापासून डोक्यात भरवतात.

तिसरी अडचण उभं राहण्याच्या जागेची. शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेतून मी मीटरभर जरी पुढे किंवा मागे सरकले, तरी नजरेची रेघ तिरकी होते आणि पलीकडच्या बाजूचा खेळाडू चुकीच्या जागी दिसतो. डच संशोधकांनी २००० साली 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं. त्यासाठी तोंड सतत मैदानाकडे ठेवून खेकड्यासारखं आडवं सरकायचं. नव्वद मिनिटांनी मांड्यांना कळतं.

व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी) आल्यापासून मोठ्या सामन्यांत आणखी एक थांबणं वाढलंय. गोलची संधी समोर असेल आणि ऑफसाइड अगदी बारीक असेल, तर हल्ला संपेपर्यंत झेंडा रोखायचा, कारण चुकून रोखलेला गोल परत देता येत नाही. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा अवोनियी अशाच एका हल्ल्यात खांबावर आदळला. पोटाला इतकी गंभीर इजा झाली की शस्त्रक्रिया करून त्याला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. ऑफसाइड आधीच झालेला होता, पण झेंडा रोखलेला होता. आमच्या लीगमध्ये व्हीएआर नाही, तरी टीव्ही बघून काही असिस्टंट उगाच झेंडा रोखतात. ते मला अजिबात पटत नाही. मागून दुरुस्त करणारं कुणी नसताना थांबायचं ते सहभाग कळेपर्यंत, त्यापुढे एक क्षणही नाही.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू १२ कॅमेऱ्यांनी सेकंदाला ५० वेळा टिपले आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. जागेचा निवाडा असा यंत्राकडे चाललाय. सहभागाचा अजून माणसाकडेच आहे.

गोल झाल्यावर असिस्टंटकडे जरूर बघा. गोल बिनतक्रार असेल तर तो मध्यरेषेच्या दिशेने पळत सुटतो. जागीच उभा राहिला, तर त्याला रेफरीशी बोलायचंय. १९६६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू आडव्या खांबाला लागून खाली पडला, तेव्हा स्विस रेफरी डिन्स्ट धावत गेले अझरबैजानचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. बहरामोव्ह यांनी मान हलवली, गोल दिला गेला. तो चेंडू पूर्ण आत गेला होता का, यावर इंग्लिश आणि जर्मन लोक अजून भांडतात. बाकूमधल्या एका मोठ्या स्टेडियमला बहरामोव्ह यांचं नाव आहे.