श्रीलंकेच्या जुन्या राजधान्या: तळ्यांच्या मुलखात कसं फिरावं

श्रीलंकेच्या बऱ्याच पाच-सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटाचा किनारा असतो. सिगिरिया वाटेत अर्ध्या दिवसात उरकतात. पोलोन्नारुवा आणि अनुराधापुरा या जुन्या राजधान्या यादीत असल्याच तर "वेळ मिळाल्यास". ज्यांना इतिहासाची थोडीही आवड आहे त्यांनी हे गणित उलटं करावं. उत्तर-मध्य भागातल्या सपाट, कोरड्या प्रदेशाला किमान तीन रात्री द्याव्यात, चार दिल्या तर उत्तम. कोलंबो सरळ वगळलं तरी चालतं. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, त्यामुळे उतरल्यावर तिथूनच गाडी करून दांबुल्ला किंवा सिगिरियाला चार-साडेचार तासांत पोहोचता येतं.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. सिगिरिया, दांबुल्ला किंवा हाबरना, तिन्हींपैकी कुठलंही गाव चालेल. रोज हॉटेल बदलण्यात सकाळचे जे दोन-तीन तास जातात, तेच इथे सगळ्यात मोलाचे असतात.

आता हंगाम. आपल्याकडच्या सुट्ट्या मे आणि दिवाळीच्या, आणि घोटाळा तिथेच होतो. श्रीलंकेत दोन मोसमी पाऊस आहेत. नैऋत्येचा पाऊस मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल आणि डोंगराळ भागाला झोडपतो. तेव्हा जुन्या राजधान्यांचा मुलूख कोरडा असतो आणि पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा शांत. ईशान्येचा पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी याच कोरड्या मुलखात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ आहे, दुपारनंतर कुठेही विजांसह पाऊस येऊ शकतो. म्हणून मेच्या सुट्टीत राजधान्या आणि त्रिंकोमाली असा बेत करा, दक्षिणेचा किनारा सोडा. दिवाळीत जाणार असाल तर बाहेरची ठिकाणं दुपारी बाराच्या आत संपवा. एप्रिलच्या १३-१४ तारखेच्या आसपास सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

वर्षातले बरेच महिने कोरडे असणाऱ्या या मुलखात हजार-दीड हजार वर्षं राजधान्या टिकल्या त्या तळ्यांवर. ही तळी डोळ्यांआड केली तर तुम्हाला फक्त विटांचे ढीग दिसतील. तळ्याला इथे 'वेव' म्हणतात. अनुराधापुऱ्याच्या धातुसेन राजाने पाचव्या शतकात कला वेव बांधलं आणि त्याचं पाणी राजधानीपर्यंत नेणारा जवळजवळ ८७ किलोमीटरचा पाट काढला. या पाटाच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर आहे. उतार मोजणारं लेव्हल मशीन नसताना हे कसं साधलं असेल, हा विचार पाटाच्या काठावर उभं राहून करावा.

तळ्याच्या बांधावर गेलात तर 'बिसोकोटुव' शोधा. बांधाच्या आतल्या बाजूला दगडांनी बांधलेली ही चौकोनी विहीर असते. पाणी थेट मोरीत शिरत नाही. आधी या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग बांधाखालच्या दगडी मोरीतून ते पाटाला लागतं. जोर न मोडता पाणी सोडलं तर ते मोरीचे दगड उखडतं आणि आतून बांध पोखरत जातं. एवढं उंच पाणी अडवण्याची हिंमत या विहिरीमुळेच आली. दांबुल्लाहून अनुराधापुऱ्याला जाताना थोडी वाट वाकडी केली की कला वेव लागतं, आणि तिथून जवळच अवुकनाची बारा मीटरच्या आसपास उंचीची, एकाच खडकातून कोरलेली उभी बुद्धमूर्ती आहे.

याच धातुसेनाला मारून त्याचा मुलगा कश्यप गादीवर बसला (इसवी सन ४७७ ते ४९५) आणि त्याने राजधानी सिगिरियाच्या कातळावर नेली. बखरीत गोष्ट अशी आहे की खजिना कुठे आहे असं विचारल्यावर धातुसेनाने कला वेवचं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. म्हणून शक्य असेल तर आधी कला वेव, मग सिगिरिया.

सिगिरियाचं फाटक उघडतं तेव्हाच दारात हजर राहा. कातळ भोवतालच्या जमिनीपासून १८० मीटरच्या वर उठतो, पायऱ्या सुमारे १,२०० आहेत. दहानंतर खडक तापतो आणि कातळाच्या कपारीतल्या जुन्या चित्रांकडे जाणाऱ्या गोल लोखंडी जिन्यावर रांग लागते. ती रांग उन्हातच असते, दम तिथेच निघतो. निवांत बघायचं तर तीन तास धरा. भोवतालची जलउद्यानं चढताना न रेंगाळता पार करा आणि उतरल्यावर बघा. तिथली भोकं पाडलेल्या दगडी चकत्यांची कारंजी आजही भरपूर पाऊस झाला की उडतात.

चित्रांच्या कपारीत फोटो काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी पाहिलेल्याला इथे थांबावंसं वाटेल, कारण दोन्हींचा काळ जवळपास एकच. ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या स्त्रिया, हातात फुलं, तांबडे-पिवळे-हिरवे रंग. एका आकृतीच्या हाताची रेषा चित्रकाराने बदललेली दिसते, आधीची रेषा रंगाखालून डोकावते. १९६७ मध्ये कुणीतरी यांवर रंग फासला होता. डागडुजी नंतर झाली. खालच्या, एकेकाळी आरशासारखी घोटलेल्या 'आरसा-भिंती'वर सहाव्या शतकापासूनच्या प्रवाशांनी या स्त्रियांवर कविता कोरल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

माथ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना सिंहाचे प्रचंड पंजे आहेत, तिथे मोठं मैदान आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी इथेच थांबावं, मुख्य गोष्टी पाहून झालेल्या असतात. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. आरडाओरडा करू नका ही पाटी खरोखर पाळायची आहे, माश्या उठल्या तर वाट बंद करतात.

तिकिटं महाग आहेत. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर असतो, पण तो मूळ पासपोर्ट दाखवला तरच. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलात तर पूर्ण रक्कम भराल. दांबुल्लाच्या गुहामंदिरांचं तिकीट डोंगराच्या पायथ्याशीच घ्यावं लागतं. वर चढून गेल्यावर दारात तिकीट मागतात आणि परत खाली यावं लागतं, ही नेहमीची फसगत आहे. ड्रायव्हरला "आधी तिकीट खिडकी" असं स्पष्ट सांगा.

पोलोन्नारुवा सायकलने बघावं. रस्ते सपाट, सावली भरपूर, सायकली गावात भाड्याने मिळतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांनी अनुराधापुरा जिंकून राजधानी इथे आणली. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना हाकललं. चोळकाळातलं दगडी शिवालय अजून चांगल्या अवस्थेत उभं आहे. पुढे पराक्रमबाहूने (११५३ ते ११८६) जुनी तळी जोडून 'पराक्रम समुद्र' केला. सकाळी लवकर गल विहार गाठा. एका लांब खडकात चार बुद्धमूर्ती आहेत आणि त्यांतली पहुडलेली मूर्ती चौदा मीटर लांब आहे. तिच्या डोक्याखालची दगडी उशी मुद्दाम जवळून पाहा. डोक्याच्या भाराने ती जिथे दबली आहे, तिथला खोलगटपणा खडकातच कोरलाय.

अनुराधापुरा मात्र सायकलला पसरट पडतं, रिक्षा किंवा गाडी ठेवा. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या फांदीचा बोधिवृक्ष इथे आहे. जेतवनरामय स्तूप मुळात १२२ मीटर उंच होता, सगळा विटांचा. तो ज्या महासेन राजाने सुरू केला त्यानेच मिन्नेरियाचं तळं बांधलं, आणि आज जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी मागे हटलं की तळाच्या कोवळ्या गवतावर तिथे शेकडो हत्ती जमतात. जीप सफारी दुपारी तीननंतरची घ्या.

सगळ्या पवित्र जागी खांदे आणि गुडघे झाकलेले, पाय अनवाणी. दुपारी फरशा पोळतात, पायमोजे चालतात, जाड जोडी पिशवीत असू द्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाकाच, २०१४ मध्ये याच कारणावरून एका ब्रिटिश पर्यटक महिलेला परत पाठवलं होतं. पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते: दारू मिळत नाही, देवळांत गर्दी.

कँडी ते एल्ला ही रेल्वे सुंदरच आहे, सहा-सात तासांची. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून आरक्षित सेकंड किंवा थर्ड क्लास घ्या. दरडी कोसळल्या की ही लाइन तुटते, तेव्हा गाडी सध्या कुठून कुठे धावतेय हे आधी तपासा.

शाकाहाऱ्यांनी एक नाव पाठ करावं: उंबलकड. हा सुकवलेल्या माशाचा चुरा. खोबऱ्याच्या पोल सांबोलात तो सर्रास असतो, आणि कधी कधी भाज्यांतही, वरून दिसत नाही. "व्हेज" म्हटल्यावर मांस नाही एवढंच समजून चालतात, म्हणून "उंबलकड नको, मासा नको" असं वेगळं सांगा. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. सकाळी इंदिआप्पा घ्या. कोकणात शिरवाळे खाल्लेल्यांना ओळखीचे वाटतील, फक्त इथे सोबत गोड रस नसून तिखट कालवण येतं. फेब्रुवारी २०२४ पासून क्यूआर असलेल्या दुकानांत यूपीआय चालतं, पण अशा छोट्या खाणावळींत आणि रिक्षांत रोख श्रीलंकन रुपयेच लागतात, सुट्टे.