आमची वाटचाल : सोलापुरात पहिलं पिंप कोणी फोडलं?

शहरातल्या एका बारच्या दारावर ‘सोलापुरात प्रथमच क्राफ्ट बिअर’ असा फलक आहे. फलक झकास आहे, फक्त खोटा आहे. क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान प्रमाणावर, चवीकडे बघून बनवलेली बिअर, प्रथमच आणली ती आम्ही, २०१५ साली, विजापूर रोडवरच्या आमच्या परमिट रूममध्ये. त्याचे साक्षीदार याच गावात राहतात. त्यातले काही आता तिकडे बसतात, तो भाग वेगळा.

परमिट रूम वडिलांची. क्वार्टर, सोडा, उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे गेला की गिऱ्हाइकाला एकच गोष्ट हवी असते, बाटली गारठलेली पाहिजे. आत काय आहे ते कोणी विचारत नाही. मला मात्र ते विचारणारं गिऱ्हाईक हवं होतं. चुलतभावाच्या ओळखीने पुण्याच्या एका ब्रूअरची, म्हणजे बिअर बनवणाऱ्याची, गाठ पडली. इंग्लंडात काम करून आलेला माणूस. तो केग, म्हणजे बिअर भरलेल्या स्टीलच्या टाक्या, द्यायला तयार झाला आणि आम्ही दोन टॅपचा जुना टॉवर (काउंटरवरचा नळांचा खांब), गॅसचं सिलिंडर, रेग्युलेटर असं सगळं जमवलं.

या धंद्यात पडणाऱ्यांनी एक ऐकून ठेवावं. कपलर, म्हणजे केगच्या तोंडाला नळी जोडणारा भाग, एस टाइपचा की डी टाइपचा, हे केग गाडीत चढण्याआधी विचारा. दिसायला दोन्ही सारखेच. पण केग एका टाइपचा आणि कपलर दुसऱ्या टाइपचा निघाला, की टेम्पोवाला दारात उभा, केग उन्हात तापतोय आणि तुम्ही पुण्याला फोन लावताय. तापलेल्या केगातून नुसता फेस येतो. निम्मा माल ट्रेमध्ये जातो आणि तो ट्रेमधला माल बिलात धरता येत नाही.

आमचा टॉवर चालता ठेवला तो फिटरकाकांनी. गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. लाल बावट्याचे पक्के. संध्याकाळी सातला यायचे, कोपऱ्यातलं टेबल, एकच ग्लास, बिल रोख. रेग्युलेटरचा काटा अडकला तर मला कळायच्या आधी त्यांना ऐकू यायचं. दुरुस्तीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत आणि बिअर कधी फुकट प्यायली नाही.

पुण्याच्या ब्रूअरने मग कास्क एलचं, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरचं, मनात भरवलं. केगातली बिअर बाहेरून दिलेल्या गॅसच्या दाबाने वर येते. कास्कमध्ये तसं नसतं. यीस्ट आत जिवंत असतं, पिंपातच दुसऱ्यांदा आंबवण होतं, आणि त्यातून जो गॅस होतो तेवढाच. ना गाळलेली, ना पाश्चराइज केलेली. इंग्लंडात मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार जवळजवळ संपवत आणला होता. तेव्हा १९७१ साली चौघा पिणाऱ्यांनी कॅम्रा नावाची संघटना काढली आणि ती बिअर वाचवली. हे ऐकून फिटरकाकांचे डोळे चमकले. “म्हणजे पिणाऱ्यांची युनियन! मालक, ती बिअर आणाच ओ.”

सिद्धरामेश्वरांची यात्रा उरकल्यावर सोलापुरात जी थोडीफार थंडी उरते, तिच्यावर मी डोळा ठेवला. कास्कला तळघर लागतं, १२ अंशांच्या आसपास. आमच्याकडे तळघर कुठलं! मागची धान्याची खोली रिकामी केली, एसी लावला, पिंपावर ओली गोणपाटं टाकली. पिंप म्हणजे फर्किन, नऊ गॅलनचं, साधारण ४१ लिटर. आता ही पिंपं स्टीलची असतात, लाकडाची बघायला आलेले लोक थोडे हिरमुसले.

पिंप आडवं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचर मारून. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून जादा गॅस हळूहळू निघून जातो. फुसफुस थांबली की घट्ट लाकडाची खुंटी. गाळ खाली बसू द्यायचा, त्या काळात पिंपाला बोट लावायचं नाही. ब्रूअर खुंट्या पुण्यातच विसरून आला होता. काकांनी खिशातून चाकू काढला, बांबूचा तुकडा तासला, जिभेवर ओला करून बघितला आणि ठोकला. मोगरीसुद्धा त्यांचीच, बाभळीची, लेथवर काढलेली. नळ तोंडाशी धरून एकच घाव. दुसरा घाव लागला तर निम्मं पिंप अंगावर येतं. काकांना दुसरा लागला नाही.

पहिला ग्लास घेतलेला गडी ओरडला, “काय ओ मालक, फ्रिज बंद पडलंय का काय? गरम पाजलालाव की!” हॉल हसला. पण नळ उघडल्यावर पिंपात हवा शिरते आणि तीनेक दिवसांत माल बिघडतो, म्हणून मी हट्टाने ओतत राहिलो. दुसऱ्या रात्री तोच गडी मित्रांना घेऊन आला आणि पिंप संपलं. पुढच्या वर्षीही संपलं.

मग २०१७. हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिलपासून बंद, असा आदेश लागू झाला. आम्ही ५०० मीटरच्या आत. परमिट रूम त्यातून सुटतील असं ३१ मार्चच्या संध्याकाळपर्यंत सगळे एकमेकांना सांगत होते. सुटल्या नाहीत. सील लागलं तेव्हा आत भरलेले केग होते, पाश्चराइज न केलेले, ऐन एप्रिलमध्ये. वीजबिल भरत राहिलो, तरी माल आंबायचा तो आंबलाच. शेवटी पंचनामा करून गटारात ओतला. काका नळीचं टोक धरून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. बायकोचे दागिने गहाण गेले, कामावरची दोन पोरं गावाकडे परत गेली. शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांना आदेश लागू नाही, असा खुलासा जुलैत आला. आमचं शटर प्रत्यक्ष वर जायला दसरा उजाडला.

याच सहा महिन्यांत हायवेपासून लांब त्या ‘प्रथमच’वाल्या सद्गृहस्थांचा बार उघडला. आमच्या टॅपवर तयार झालेला पोरगा त्यांनी जादा पगारावर नेला. त्याचा राग नाही, त्याला घर चालवायचं होतं. आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होते, तेही गेले. पण ‘प्रथमच’? आम्ही कुलपात असताना? शिवाय टॅपला ते साधी लागरच, म्हणजे सगळीकडे मिळते ती नेहमीची बिअर, लावतात, ग्लास फ्रीजरमध्ये ठेवतात आणि त्याला क्राफ्ट म्हणतात. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. आत बर्फाचा थर धरतो, ओतलं की फेस उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं. लाइन, म्हणजे केगपासून टॅपपर्यंतची नळी, दर आठवड्याला धुवा, गिऱ्हाइकाच्या वासाच्या तक्रारी निम्म्या तिथेच संपतात. आणि बिअरबरोबर तेल घातलेली शेंगा चटणी देऊ नका. चटणी आमच्या गावची शान आहे, पण ओठांवरचं तेल ग्लासात गेलं की फेस मरतो. कोरडे खारे शेंगदाणे द्या. उधारी तर सख्ख्या मेव्हण्यालाही नको.

नंतरची वर्षं चालली तशी चालली. लॉकडाऊन सगळ्यांनाच होतं. काका २०२१ला गेले. मोगरी काउंटरच्या खाली आहे, आता घाव मी मारतो.

यात्रा झाल्यावर यंदाही पिंप येणार आहे. एकवीसच्या आतल्यांनी येऊ नये, आणि ५ रुपयांचा एक दिवसाचा परवाना काउंटरवर मिळतो, तो घ्या, लाजू नका.

मागच्या महिन्यात ‘प्रथमच’वाल्यांचा माणूस दुपारी आला होता. त्यांच्याकडे केग एस टाइपचा आला होता आणि कपलर डी टाइपचा. दिला आमचा. डिपॉझिट घेऊन, पावतीवर सही घेऊन.