तुम्ही विचारलेत म्हणून: यंदाच्या मोसमात काय काय पाहायचे?

दसरा झाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांत शेजारी असतात, नात्यातली मुले असतात, नोकरीनिमित्त नुकतेच पुण्यात राहायला आलेले ओळखीचे लोक असतात. प्रश्न मात्र एकच असतो. ‘आता गाण्यांचा आणि नाटकांचा मोसम सुरू होईल, तर यंदा काय चुकवू नये याची एक यादी द्याल का?’ मी गायक नाही, नट नाही, समीक्षकही नाही. तीसेक वर्षे तिकीट काढून कधी पुढच्या, बहुधा मागच्या रांगेत बसणारा आणि घरी आल्यावर दोन ओळी वहीत टिपून ठेवणारा एक प्रेक्षक, एवढीच माझी पात्रता. ती वही पाहूनच लोक मला विचारत असावेत. म्हणून त्या वहीच्याच आधाराने उत्तर देतो, आणि ते यादीच्या रूपात नाही याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझे उत्तर असे आहे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतल्या जितक्या संध्याकाळी तुम्ही कार्यक्रमांसाठी काढू शकता, त्यांतल्या निम्म्या आज कोऱ्या ठेवा. विचारणाऱ्याला हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते. पण त्यामागे या शहरात कार्यक्रम कसे ठरतात आणि कसे जाहीर होतात याचा साधा हिशेब आहे.

पुण्याचा मोसम पाऊस ओसरल्यावर मांडव घालता येऊ लागतो तेव्हा सुरू होतो आणि परीक्षांची चाहूल लागेपर्यंत चालतो. दिवाळी पहाट हा त्याचा उंबरठा. त्याच सुमारास ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला याच दिवशी ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, जानेवारीत वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ होणारा वसंतोत्सव, फेब्रुवारीत विनोद दोशी नाट्यमहोत्सव. ही नावे मी सांगितली नाहीत तरी वर्तमानपत्रांतून आणि चौकाचौकांतल्या फलकांवरून ती तुमच्यापर्यंत पोहोचणारच आहेत, कारण मोठ्या महोत्सवांना मांडव, प्रायोजक आणि परगावचे कलाकार जमवायचे असतात आणि त्यांना बरेच आधी बोलावे लागते.

नाटकाचे तसे नसते. महापालिकेच्या नाट्यगृहांतल्या तारखा संस्थांना काही महिने आधी वाटलेल्या असतात खऱ्या, पण कोणत्या तारखेला कोणते नाटक लागणार हे आपल्याला जाहिरातीतूनच कळते आणि प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, प्रयोगाच्या थोडेच दिवस आधी उघडतो. प्रायोगिक नाटकांची तऱ्हा त्याहून निराळी. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेजवळचे ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यातले ‘द बॉक्स’ अशा छोट्या जागांमधल्या प्रयोगांचा निरोप आठवडाभर आधी, कधी दोनच दिवस आधी, कोणीतरी फोनवर पाठवतो. जे आधी जाहीर होते त्यानेच वही भरून टाकली, तर जे उशिरा जाहीर होते त्याला जागाच उरत नाही. आणि माझ्या वहीत ज्या पानांना मी परत परत चाळतो, त्यांतली निम्म्याहून अधिक पाने उशिरा कळलेल्या कार्यक्रमांचीच आहेत.

एका वर्षी मी याच्या नेमके उलट वागलो होतो. ऑक्टोबरातच उत्साहाने सगळ्या महोत्सवांचे पास काढले, वहीत तारखा लिहून त्यांच्याभोवती लाल चौकटी काढल्या आणि आता आपली तयारी पक्की झाली अशा समाधानात राहिलो. डिसेंबराच्या अखेरीस एका मित्राने एका नव्या नाटकाचे दोनच प्रयोग आहेत असे कळवले. दोन्ही दिवशी माझ्याकडे दुसरीकडचे तिकीट होते आणि पैसे मोजलेले असल्यामुळे ते सोडवेना. त्या दोन संध्याकाळी मी काय पाहिले ते आज वही उघडल्याशिवाय मला आठवत नाही. जे पाहिले नाही त्याच्याविषयी मात्र मित्र पुढची कितीतरी वर्षे बोलत राहिला, आणि त्याच्या बोलण्यावरूनच ते नाटक मला जवळजवळ पाठ झाले.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. तो शनिवार होता. त्या शनिवारी पुण्यात किती जणांना ‘आज जमणार नाही, दुसरीकडे जायचे आहे’ असे म्हणावे लागले असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पहिल्या प्रयोगाच्या तिकिटावर हे नाटक पुढे काय होणार आहे ते छापलेले नसते.

आता तुम्ही म्हणाल की निम्म्या संध्याकाळी कोऱ्या ठेवल्या, पण उरलेल्या निम्म्यांचे काय? त्यांत सवाई आलेच, आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे. कारण सवाईला जाणारे बहुतेक लोक ज्या वेळी जातात ती वेळ मला चुकीची वाटते.

आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. वर्षानुवर्षे तो रमणबागेच्या शाळेच्या मैदानावर भरत असे आणि २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. माझ्या तरुणपणी तो रात्रभर चाले. सतरंजीवर शाल पांघरून मध्येच डुलकी लागायची, जाग यायची तेव्हा कोणीतरी पहाटेचा ललत राग आळवीत असायचे, आणि मांडवाच्या कडेने उजाडू लागलेले दिसायचे. ते सुख आता नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, आणि सवाईच्या वाट्याला त्यातली बहुधा शनिवारची रात्र येते. नियम योग्य आहे. मैदानाशेजारी राहणाऱ्या आजारी माणसाच्या झोपेपुढे माझा ललत मोठा नाही. पण त्या नियमाने महोत्सवातले राग बदलले, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. दरबारी आणि मालकंस हे रात्रीचे राग आता दहाच्या काट्याकडे बघत गायले जातात, आणि पहाटेचे राग तर या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले.

त्याच्या बदल्यात जे मिळाले ते आपण नीट घेत नाही. महोत्सव आता दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे जे दिवसाच्या उत्तरार्धातले राग एरवी मैफलीत फारसे वाट्याला येत नाहीत, कारण त्या वेळी आपण कचेरीत असतो, ते आता आपापल्या खऱ्या वेळी, कलत्या उन्हात ऐकायला मिळतात. मग सूर्यास्ताच्या आसपास कोणी मारवा किंवा पूरिया सुरू केला, तर बाहेरचा प्रकाश आणि आतला कोमल रिषभ एकमेकांना असे काही धरून असतात की वेळेचे शास्त्र न मानणाऱ्यानेही क्षणभर थांबावे. आणि त्या वेळी मांडव अर्धा रिकामा असतो. पुणेकर सातनंतर येतात, मोठ्या नावासाठी जागा धरतात, आणि ते नाव संपताच खुर्च्या सरकवीत निघतात. दुपारी पहिल्यांदा बसणारा कलाकार बहुधा तरुण असतो, महिनोन्महिने याच एका तासाची तयारी करून आलेला असतो, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत गात असतो. माझ्या वहीत अशा दुपारच्या नोंदींतली काही नावे आज रात्रीच्या सत्रात दिसतात. त्यात माझ्या कानाचे कौतुक नाही, मी तेव्हा तिथे होतो एवढेच.

सवाईला भारतीय बैठकीचे तिकीट काढा असा माझा आग्रह असतो, गुडघे साथ देत असतील तर. खुर्चीवर बसलेला माणूस कार्यक्रम पाहायला आलेला असतो. जमिनीवर बसलेला थोडा राहायलाही आलेला असतो. बसायला जाडसे आसन, रात्रीसाठी शाल आणि ध्वनिक्षेपकांच्या मनोऱ्यापासून शक्य तितके अंतर, एवढी तयारी पुरते. एक विनंती मात्र आहे. अखेरच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाते. तेव्हा गाडी काढण्यासाठी पळू नका.

पहाटेचे राग हवे असतील तर दिवाळी पहाटेकडे आशेने पाहावे, पण फार आशेने नाही. तिथे आता बहुतेक ठिकाणी नाट्यगीते आणि भावगीते असतात, सूत्रसंचालकाचे बोलणे गाण्याहून लांबते, आणि नव्या साड्या-झब्ब्यांची गर्दी ऐकण्यापेक्षा भेटण्यासाठी आलेली असते. मला त्याचेही वाईट वाटत नाही. सणाच्या सकाळी माणसांनी भेटावे. मात्र तोडी ऐकायची असेल तर एखाद्या संगीत मंडळाची रविवार सकाळची सभा शोधा. ती सभागृहात असते, पन्नास-साठ माणसे असतात, आणि बहुतेक वेळा तिकीटही नसते.

नाटकाच्या बाबतीत माझा मोसम खरे तर ऑगस्टमध्येच सुरू होतो, आणि त्यामुळे दसऱ्यानंतर विचारणाऱ्याला मी थोडा उशीर झाला असे सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरातल्या तिच्या प्राथमिक फेरीत एका संध्याकाळी अनेक एकांकिका पाहायला मिळतात. त्यांतल्या काही अतिशय सामान्य असतात. एखादी मात्र अशी निघते की लिहिणाऱ्या मुलाचे नाव टिपून ठेवावे लागते. पडदा उघडण्याआधी ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळ्यांनी कान बधिर होतात आणि दुसऱ्या मिनिटाला सगळे नाट्यगृह चिडीचूप होते. हा पालट व्यावसायिक रंगभूमीवर कुठे पाहायला मिळत नाही. हिवाळ्यात जेव्हा छोट्या रंगमंचांवरच्या प्रयोगांचे निरोप येतात, तेव्हा त्यांत ऑगस्टमध्ये टिपलेली नावे दिसतात, आणि कोऱ्या ठेवलेल्या संध्याकाळी कोणाला द्यायच्या हे ठरवणे सोपे जाते.

व्यावसायिक नाटक पाहायचे तर माझे मन आजही बालगंधर्व रंगमंदिराकडेच ओढते. त्याची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी बसवली आणि उद्घाटन त्यांच्या जयंतीला, २६ जून १९६८ रोजी झाले. त्याच्या पुनर्विकासाची चर्चा इतकी वर्षे चालू आहे की प्रत्येक प्रयोगाला मी भिंतींकडे जरा निरखून पाहतो. गद्य नाटकासाठी पाचवी ते दहावी रांग, नृत्यासाठी बाल्कनी. नर्तकांनी मंचावर आखलेल्या आकृती खालून दिसतच नाहीत. आता छत्रपती संभाजी उद्यानाचे मेट्रो स्थानक अगदी जवळ झाल्यामुळे संध्याकाळच्या प्रयोगाला वाहन नेण्याची गरज उरलेली नाही. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मात्र मेट्रो बंद झालेली असते, तेव्हा परतीची सोय आधी करा.

मोठ्या मैदानांवरचे रॉक-पॉपचे कार्यक्रम, स्टँडअप वगैरे विषयी मला विचारू नका. ‘एनएच७ वीकेंडर’ २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाले याचा अभिमान मला भाचीने शिकवला आहे; त्यापुढचे तिलाच विचारा. तमाशाचे मात्र सांगतो, कारण पुण्यातले लोक त्याला आपल्या मोसमात धरतच नाहीत. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि गावोगावच्या जत्रांबरोबर चैत्र-वैशाखापर्यंत चालतो. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावला, फडांच्या राहुट्या लागतात आणि गावांचे पुढारी तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. शहरातल्या सभागृहातली लावणी पाहून तमाशा पाहिला असे समजू नये. गण, गौळण, बतावणी, वग असा सगळा पसारा एखाद्या जत्रेत रात्री उघड्यावर पाहावा, आणि तोही फेब्रुवारीनंतर, जेव्हा शहरातल्या वह्या मिटलेल्या असतात.

एवढे सांगून झाल्यावर विचारणारा थोडा वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, ‘ते सगळे ठीक, पण एकच तिकीट काढायचे असेल तर?’ तर सवाईचा शनिवार-रविवार सोडून मधला एखादा दिवस घ्या, कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढा आणि तीनच्या आधी मांडवात येऊन बसा. मी डाव्या बाजूला, खांबाशी टेकून बसलेला असेन. शेजारी जागा असतेच.