तुम्ही विचारलंत म्हणून: गिअरच्या दांड्याला शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर गाडी जास्त पळते का?

नाही पळत. माझ्या फोक्सवॅगन पोलोत कोणीही बसलं आणि मी दुसऱ्यातून तिसरा टाकताना बघितलं की ठरलेला प्रश्न येतो, "काय केलंयस रे, पिकअप वाढला का?" पिकअप आहे तेवढाच आहे. चाकणला बनलेली 1.0 टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), 110 पीएस ताकद, सहा गिअर, इंजिनाला मी बोटही लावलेलं नाही.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर टाकताना दांडा कमी हलवावा लागेल अशी सोय, तत्त्व शाळेतल्या तरफेचं. लोकांना वाटतं दांडा कापून बुटका करतात, आमच्या गाडीत खरं काम बॉनेटखाली. दांड्यापासून दोन केबल गिअरबॉक्सकडे जातात, एक पुढे-मागेची, एक डावी-उजवीची, त्यातली पुढे-मागेची वाली गिअरबॉक्सवरच्या ज्या आर्मला (छोट्या दांडीला) ओढते तो बदलायचा, नव्या आर्ममध्ये केबलची पिन फिरायच्या टोकाच्या जवळ असते. समजा आधी पिन 40 मिमीवर होती आणि आता 30 वर आली, तर हात पाऊणच हलवावा लागणार पण जोर एक तृतीयांशाने जास्त. फुकट काही नाही.

बसवला मी आणि मावसभावाने, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. बॅटरी काढा, तिचा ट्रे काढा, मग कुठे तो आर्म दिसतो. बदलायला वेळ लागत नाही, गोची आहे केबलच्या सेटिंगची. दांडा आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलमध्ये पिन घालून लॉक करायचे आणि मगच केबल पकडायची, आम्ही शहाणे, नजरेच्या अंदाजाने पकडली. बाकी सगळे गिअर पडले, फक्त रिव्हर्ससाठी दांडा दाबून डावीकडे पुढे ढकलला की पहिलाच पडायचा, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी! वॉचमनकाकांनी ढकलायला मदत केली, वर तीन दिवस चेष्टा केली. मग नीट पिन घालून परत सगळं केलं.

आता मुद्द्याचं. दांड्याची चाल छोटी झाली म्हणून गिअर लवकर पडत नाही. आतल्या सिंक्रो रिंगला घर्षणाने दोन्हीकडचा स्पीड जुळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तुमचा हात मात्र आता तिच्या आधी पोचतो. सकाळी गिअर ऑइल गार असताना घाईत तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात की खर्रर्र. पहिला महिना मी हे भरपूर ऐकलं, म्हणजे पैसे घालून मी हळू गिअर टाकायला शिकलो असं म्हणा हवं तर.

मग ठेवलाय कशाला? ताम्हिणी घाटात दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करताना मनगटाच्या झटक्यात गिअर खट्कन बसतो ना, त्यासाठी. बास. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तोच हात संध्याकाळी दुखतो.

तुमचा दांडा नुसता ढिला, खिचडी ढवळल्यासारखा वाटत असेल तर आधी बुश (सांध्यातले छोटे आधार) झिजलेत का आणि केबलचं सेटिंग हललंय का ते बघून घ्या, ते स्वस्तात होतं. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नका, उद्या गिअरबॉक्सचं काही निघालं तर सगळं ह्या आर्मवर ढकलतील.

आईने मात्र पोलो चालवणं सोडलं, म्हणते दांडा जड झालाय. जुना आर्म कुठे आहे विचारत असते. माळ्यावर आहे, ग्रीस लावून, पेपरात गुंडाळून.