दचकण्याचा सराव: चौथा आठवडा

या आठवड्यात अॅनिमेशनचे एकच दृश्य हाताळले. पात्र खण उघडते, आत डोकावते आणि दचकते. लांबी जेमतेम 3 सेकंद, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम्सच्या हिशेबाने 72 फ्रेम्स. ब्लेंडर या त्रिमितीय अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या डोक्याचे, मोजक्याच नियंत्रणांचे रिग (पात्र हलवण्याचा सांगाडा) मुद्दाम निवडले आहे, कारण बारीकसारीक नियंत्रणे हाताशी असली की मी पोझ सोडून त्यांच्याशीच खेळत बसतो.

पहिल्या प्रयत्नात शांत पोझ आणि दचकलेली पोझ अशा दोनच ठिकाणी की (त्या फ्रेमची पोझ पक्की करणाऱ्या खुणा) टाकल्या आणि मधल्या 8 फ्रेम्स संगणकावर सोपवल्या. पात्र दचकण्याऐवजी फुगा फुगावा तसे वर तरंगत गेले. मग डोळे आणखी विस्फारले, जबडा छातीपर्यंत ओढला, हात कानांच्याही वर नेले. तरीही प्रसंगात जीव येईना. दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटची पोझ कितीही ताणली, तरी तिच्या आधी काहीच घडले नसेल, तर पाहणाऱ्याला तो ताण जाणवत नाही, एवढे त्यातून पदरात पडले.

अशा प्रतिक्रियेला अॅनिमेशनमध्ये ‘टेक’ म्हणतात. तिचा सांगाडा साधा आहे: पात्र पाहते, आक्रसते, उसळते आणि स्थिरावते. यातले आक्रसणे म्हणजे अँटिसिपेशन, मुख्य हालचालीआधीची उलट दिशेची तयारी. डिस्नेचे अॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली मांडलेल्या अॅनिमेशनच्या 12 तत्त्वांमध्ये ते आहे आणि अतिशयोक्तीही आहे. मी आजवर दुसऱ्यावरच भिस्त ठेवून पहिल्याकडे काणाडोळा करत होतो.

दुसऱ्या प्रयत्नात सगळ्या की कॉन्स्टंट इंटरपोलेशनवर (पुढच्या कीपर्यंत पोझ जशीच्या तशी, मधली हालचाल नाही) ठेवून फक्त पोझेस मांडल्या. 20व्या फ्रेमला नजर खणात जाते. 28व्या फ्रेमला मान खांद्यांत रुतते, पापण्या घट्ट मिटतात, भुवया खाली दबतात. 30व्या फ्रेमपर्यंत पात्र तिथेच आणखी किंचित दबते आणि 33व्या फ्रेमला ते पूर्ण ताणलेले असते. थोडक्यात, खाली जायला 8 फ्रेम्स आणि वर यायला अवघ्या 3. हे प्रमाण उलटे करूनही पाहिले, तेव्हा पात्र दचकण्याऐवजी आळस देत असल्यासारखे वाटले.

आक्रसताना आकारमान राखणे महत्त्वाचे. ब्लेंडरमध्ये बोनची (रिगमधल्या हाडाची) लांबी त्याच्या स्वतःच्या वाय अक्षावर असते. वायचे माप मूळच्या 0.8 पट केले, तर एक्स आणि झेड प्रत्येकी साधारण 1.12 करावे लागतात. ताणताना वाय 1.25 असेल, तर बाकीचे दोन 0.89च्या आसपास येतात. हा हिशेब न करता नुसते डोके चेपले, तेव्हा त्यातली हवा निघून गेल्यासारखे दिसत होते.

हालचाल वक्रांच्या रूपात दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये एक विचित्र घोटाळा झाला. की बेझियरवर (दोन कीमध्ये गुळगुळीत वक्र) आणताच पाय जमिनीत बुडू लागले. दोन्ही की जमिनीच्याच पातळीवर असताना हे कसे घडते, ते बराच वेळ कळेना. मी कधीतरी वक्राचा आकार ठरवणारी हँडल्स ‘ऑटो’ करून ठेवली होती आणि त्यामुळे वक्र दोन कीच्या मध्ये खाली झोल खात होता. ‘ऑटो क्लॅम्प्ड’ निवडताच पाय जागेवर आले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो 33 ते 45 या फ्रेम्सनी. ताणलेली पोझ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरायची, तर ती टिकली पाहिजे. पण हाताने काढलेल्या चित्रात खपून जाणारी निश्चलता त्रिमितीय पात्रात संगणक अडकल्यासारखी दिसते. म्हणून त्या 12 फ्रेम्समध्ये पोझ त्याच दिशेने अगदी थोडी पुढे सरकत ठेवली. वरचा ताण 1.25 वरून 1.28 होतो, भुवया केसभर चढतात. वेगळे काढून पाहिले, तर ही हालचाल नजरेत येत नाही, पण काढून टाकली की पात्र पुतळा होते.

नंतर अवयवांच्या वेळा मागेपुढे केल्या. पापण्या शरीराच्या 1 फ्रेम आधी उघडतात, जबडा 2 फ्रेम्स उशिरा पडतो, हात त्याहून उशिरा पोहोचतात. दोन्ही हात एकाच क्षणी एकाच उंचीवर जात होते, तेव्हा पात्र शरण आल्यासारखे वाटत होते; डावा हात खाली ठेवून उजवी भुवई जास्त चढवल्यावर तसे वाटणे थांबले. बुबुळे लहान करण्याची युक्ती मात्र मी जपून वापरली आहे. निम्म्याहून लहान केली की दचकण्याऐवजी वेड लागल्याचा भास होतो.

स्थिरावणे अजून कच्चे आहे. 45 ते 53 या फ्रेम्समध्ये पात्र थेट मूळ पोझवर परतते, जणू काही घडलेच नाही. पुढच्या आठवड्यात तिथे वेगळी पोझ मांडायची आहे: खांदे अजून वर, मान किंचित मागे आणि नजर खणावरच खिळलेली.